शार्प, पेली, ऑस्टिन : लँकेस्टरच्या पेढीची वाटचाल

इंग्लंडच्या वायव्येकडच्या लँकेस्टर गावात १८३५च्या अखेरीस एडमंड शार्प या तरुणाने आर्किटेक्टचं ऑफिस थाटलं. केंब्रिजची पदवी आणि जर्मनी-फ्रान्समधली जुनी चर्च पायाखाली घालून आलेला अनुभव, एवढंच त्याचं भांडवल. नावं आणि भागीदार बदलत ही पेढी शंभर वर्षांहून जास्त चालली आणि तिने लँकेस्टर कधी सोडलं नाही.

शार्प अंगात वारं भरलेला माणूस. त्याचा मेहुणा जॉन फ्लेचर बोल्टनजवळ कोळशाच्या खाणीचा मालक होता. खाणीतून कोळशासोबत चांगली भाजणारी माती निघे. तिचं काय करायचं? शार्प म्हणाला, चर्च बांधू! लीव्हर ब्रिजचं सेंट स्टीफन्स चर्च (१८४२-४५) अशा भाजक्या मातीचं आहे. भिंती तर सोडाच, आतल्या बाकांच्या कडा आणि ऑर्गनची चौकटसुद्धा साच्यातून काढलेली. दगडावर छिन्नी चालवणाऱ्यांच्या जमान्यात एकाच साच्यातली नक्षी म्हणजे फसवेगिरी, असा गॉथिकच्या कट्टर पुरस्कर्त्यांचा आक्षेप. लोकांनी नाव पाडलं ‘मडक्यांचं चर्च’. शार्प बधला नाही. लगेच मँचेस्टरच्या रशोममध्ये त्याने दुसरं उभारलं.

पण एका धंद्यात त्याचा जीव रमेना. लँकेस्टरचा महापौर झाला, गावच्या पाणीपुरवठ्यात आणि गटारांत लक्ष घातलं, रेल्वेच्या मागे लागला. १८५१मध्ये इंग्लंडच्या वास्तुकलेचे सात कालखंड पाडणारं पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी पेढी सोडली.

पेढी तरली ती एडवर्ड पेलीमुळे. १८३८मध्ये शार्पकडे शिकायला आलेला हा मुलगा १८४५मध्ये भागीदार झाला आणि १८५१मध्ये शार्पच्या बहिणीशी लग्न करून घरचाच झाला. लँकेस्टरचं सेंट पीटर्स, जे आज कॅथलिक कॅथेड्रल आहे, ते त्याचं (१८५७-५९). फर्नेस भागातले रेल्वेवाले आणि जमीनदार, कामं अशी ओळखीपाळखीतूनच येत गेली. त्यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही. गावातली पेढी अशीच चालते.

खरी चमक आली ती १८६८मध्ये ह्युबर्ट ऑस्टिन भागीदार झाल्यावर. तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या लंडनच्या ऑफिसात तयार झालेला. आपल्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा तोच हा स्कॉट. १८७१च्या आगीत जळालेला होकर हॉल या वाड्याचा भाग पेली आणि ऑस्टिन यांनी नव्याने उभारला. ऑस्टिनचं सर्वोत्तम काम मात्र स्टॉकपोर्टचं सेंट जॉर्जेस (१८९३-९७). पैसा एका बिअर गाळणाऱ्या धनिकाचा, हात ऑस्टिनचा. उंच मनोरा, प्रशस्त गाभा, आणि कुठेही उगाच केलेली नक्षी नाही.

शार्पला १८७५मध्ये ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. त्याच सुमारास त्याने स्कॉटफर्थला तिसरं मडक्यांचं चर्च बांधून हौस भागवून घेतली. १८७७मध्ये तो मिलानमध्ये वारला. एडवर्ड पेली १८९५मध्ये गेला, ऑस्टिन १९१५मध्ये. पेलीचा मुलगा हॅरी याने पेढी पुढे रेटली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती बंद झाली.

संस्थापक शार्प असला, तरी माझ्या मते पेढीचा खरा कलावंत ऑस्टिन. इंग्लंडला जाल तेव्हा मँचेस्टरहून थोडी वाट वाकडी करून स्टॉकपोर्टला उतरा आणि तुम्हीच ठरवा.