खवाट्याखालची चरबी

मंचरहून लोणीमार्गे खाली उतरलं की आंबेगाव तालुका संपतो आणि शिरूरचा कोरडवाहू पट्टा लागतो. 1993 साली पाबळच्या आसपासच्या सहा गावांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाची माणसं गरोदर बायांची नोंद ठेवू लागली. त्या बायांचं वजन जेमतेम 42 किलोच्या आसपास. लठ्ठपणाचं मूळ शोधायला यापेक्षा चमत्कारिक जागा सुचली नसती!

केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना कोडं पडलं होतं ते अंगानं फार जाड नसलेल्या मधुमेही रुग्णांचं. तिकडे इंग्लंडात साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर मोठेपणीच्या आजारांचं मूळ गर्भात शोधत होते. दोघांचं सूत जुळलं. बाळ जन्मलं की वजन, मग दंडाचा आणि पोटाचा घेर. शेवटी खवाट्याखालची कातडी चिमटीत धरायची आणि कॅलिपरनं तिची जाडी मोजायची.

2003 साली निष्कर्ष छापून आला. इथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, साउदॅम्प्टनचं 3.5. पोट लहान, दंड बारीक, पण खवाट्याखालची चरबी त्या मानानं जवळपास शाबूत. लुकडं, तरीही चरबीदार. पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा जोडीनं काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. उंची आणि वजन एवढंच पाहणाऱ्या आकड्याला ही चरबी दिसणार कशी?

लठ्ठपणाला पोषक 'वातावरण' म्हटलं की आपण वडापावच्या गाडीकडे बोट दाखवतो. इथं ते आईच्या पोटापासून सुरू होतं. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायांची बाळं लहान निघाली. पालेभाज्या, फळं, दूध पोटात गेलेल्यांची थोडी मोठी. आणि अशा बाळाच्या वाट्याला पुढे डिंभे धरणाचं पाणी, ऊस, दाराशी मोटारसायकल, दुकानात लटकलेली वेफर्सची पाकिटं आली, तर? टंचाईसाठी घडलेलं शरीर सुबत्तेत सापडतं. त्याला 'खादाड' म्हणून मोकळं होणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

पाबळची ती बाळं वयात आल्यावर 2012 पासून त्यांच्यावर नवा प्रयोग सुरू झाला: पुढच्या पिढीसाठी आधीच ब-12 जीवनसत्त्व द्यायचं, रोज 2 मायक्रोग्रॅम. मुलींना दिलं, तसंच मुलांनाही.