मामोन, पाव आणि मधली वेळ

फिलिपिन्स बेटांत दोन जेवणांच्या मधल्या खाण्यास ‘मेरिएन्दा’ म्हणतात. दुपारच्या मेरिएन्दाच्या पदार्थांत ‘मामोन’ विशेष आवडीचा होय. फेसलेली अंडी, साखर व मैदा यांचे मिश्रण लहान साच्यांत भाजून हा मऊ केक करतात. मामोन व मेरिएन्दा हे दोन्ही शब्द मूळचे स्पॅनिश. स्पॅनिश सत्ता तेथे १५६५ पासून १८९८ पर्यंत टिकली, आणि तिच्याबरोबर पदार्थाचे नाव आले तसेच खाण्याच्या वेळेचेही आले. तागालोग भाषेत हा शब्द इतका मुरला की, कोमल मनाच्या माणसास ‘पुसोंग मामोन’, म्हणजे मामोनसारख्या हृदयाचा, असे म्हणतात. मराठी माणूस तेथे लोण्याची उपमा देईल.

स्पेनचा शेजारी पोर्तुगाल १५१० मध्ये गोव्यात आला. त्याच्या भाषेतून मराठीस ‘पाव’ हा शब्द मिळाला. परंतु खाण्याच्या वेळेचे नाव मात्र मिळाले नाही. सकाळच्या ‘न्याहारी’वर फारसी संपर्काची खूण आहे, दुपारचे खाणे ‘मधल्या वेळचे खाणे’ म्हणूनच राहिले. पदार्थाचे नाव बाजारातून येऊ शकते. वेळेचे नाव रूढ होण्यास घराचा दिनक्रमच बदलावा लागतो.

मराठी घराने पावास दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर ठेवले. गोव्यात पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवीत आणि भाजणारा पोदेर ख्रिस्ती असे; म्हणून पाव खाणे म्हणजे बाटणे, अशी समजूत रूढ झाली. पीठ पायांनी तुडवितात म्हणून ‘पाव’, ही लोकव्युत्पत्ती भाषादृष्ट्या निराधार आहे. मात्र तिच्यात ती शिसारी स्पष्ट दिसते. १८९० मध्ये पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, तेवढ्यावरून टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाही ग्रामण्यास तोंड द्यावे लागले. भट्टीतल्या खाण्याची किंमत त्या काळी जातीबाहेर पडण्याइतकी होती.

या पार्श्वभूमीवर हिंगोलीचे उदाहरण उद्बोधक आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पोर्तुगीज सत्ता येथे कधीच पोचली नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि हैदराबादी उर्दूत पावास ‘डबल रोटी’ म्हणतात. ‘डबल का मीठा’ हे पक्वान्न त्यावरूनच ओळखले जाते. राजसत्तेमागून शब्द येतो हा नियम निरपवाद असता, तर येथे ‘डबल रोटी’च रुजावयास हवी होती. प्रत्यक्षात १९९९ मध्ये स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात आज दुपारच्या भुकेला ‘वडापाव’ आणि ‘मिसळपाव’ हेच शब्द चालतात. ते शब्द राजसत्तेने लादलेले नाहीत. मराठीच्या अंतर्गत व्यवहारातून ते आले आहेत.

तागालोगने परका शब्द वाक्प्रचारात सामावून घेतला. मराठीने तो समासात घेतला. वडा देशी, पाव परका, आणि समास मराठी. ज्या पावाने एके काळी माणूस बाटत असे, तो अखेरीस वड्याच्या सोबतीने मराठीच्या पंक्तीत बसला.