मोगलाईतला वैमानिक

१९८३ साली मी देऊळगाव राजाला पाचवीत होतो. सामान्य ज्ञानाच्या तासाला गुरुजींनी विचारलं, "महाराष्ट्राचे राज्यपाल कोण?" मी हात वर केला नव्हता, तरी त्यांनी मलाच उभं केलं. "आय. एच. लतीफ," मी म्हणालो. "आय. एच. म्हणजे काय?" ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी अब्बांना विचारलं. "इद्रीस हसन," अब्बा म्हणाले, "लढाऊ विमान चालवायचे." बाजेवर पडलेले दादा तिथूनच बोलले, "अपने मोगलाई के हैं."

मोगलाई हा शब्द बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. आमचं गाव वऱ्हाडच्या अगदी काठावर. पुढे जालन्याकडे निघालं की काही मैलांवर निजामाची हद्द लागायची. तिकडचा मुलूख तो मोगलाई. दादांची सासुरवाडी जालन्याची, त्यामुळे आमचं घर हद्दीच्या दोन्हीकडे पसरलेलं होतं. तसा वऱ्हाडही कागदावर निजामाचाच. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०२ पासून वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमचा पट्ट्याने दिला गेला. निजामाने इंग्रजांना युद्धासाठी विमानांचे पैसे दिले, म्हणून ब्रिटिश हवाई दलातल्या काही तुकड्यांना हैदराबादचं नाव होतं. त्यातल्या १५२ व्या स्क्वाड्रनची स्पिटफायर विमानं १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी लढली. तिच्या चिन्हावर निजामाची दस्तार होती. वऱ्हाडच्या कापसाच्या पैशातला किती वाटा त्या विमानांत गेला असेल, हा हिशेब कुणी मांडला नाही. मला मात्र तो अधूनमधून छळतो.

लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ चा, हैदराबादचा. शिक्षण निजाम कॉलेजात. १९४२ च्या जानेवारीत, वयाच्या अठराव्या वर्षी, ते भारतीय हवाई दलात अधिकारी झाले. पहिली नेमणूक कराचीला. काम समुद्रावर गस्त घालायचं, शत्रूच्या जहाजांवर आणि पाणबुड्यांवर नजर ठेवायचं. त्यासाठी हाती दिलेली विमानं वापिटी, हार्ट आणि ऑडॅक्स. दोन पंखांची, वर उघडी, जगाने केव्हाच मोडीत काढलेली. युरोपात ताशी ३५० मैलांची विमानं एकमेकांवर झडप घालत होती, तेव्हा आमची पोरं असल्या खटाऱ्यांतून अरबी समुद्र पाहत होती.

१९४३-४४ मध्ये काही मोजक्या भारतीय वैमानिकांबरोबर त्यांना इंग्लंडला पाठवलं गेलं. तिथे हरिकेन आणि स्पिटफायरवर हात बसला. परत आल्यावर ब्रह्मदेशची आघाडी.

दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक म्हटलं की आपल्याकडेही वाचणाऱ्यांना जर्मन नावं आधी आठवतात. एरिक हार्टमान, ३५२ विमानं पाडली. आकडा खराच आहे. पण त्यामागे एक व्यवस्था होती. जर्मन वैमानिकाला ठरावीक फेऱ्या झाल्या की विश्रांती अशी पद्धत नव्हती. मरेपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडायचं. समोर पूर्व आघाडीवर शत्रूच्या विमानांची रीघ. ब्रह्मदेशातल्या भारतीय वैमानिकांना हवेत जपानी विमान क्वचितच भेटायचं. त्यांचं काम म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, खालची तोफ, पूल, होड्या हेरायच्या, बॉम्ब टाकायचे, खालून येणाऱ्या गोळ्या चुकवायच्या आणि पावसाच्या ढगांतून डोंगर टाळत परतायचं. असल्या कामाचा आकडा होत नाही. म्हणूनच ते पुस्तकांच्या मुखपृष्ठावर येत नाही, असं माझं मत आहे.

याच काळातला दुसरा वैमानिक म्हणजे असगर खान. जन्म जम्मूचा, लतीफ यांच्याहून दोन वर्षांनी मोठा. १९४२ मध्ये सिंधमध्ये हूर लोकांचं बंड मोडायला लष्करी कायदा लागू होता. असगर खान यांना एका काफिल्यावर गोळीबार करण्याचा हुकूम मिळाला. वरून पाहिलं तर खाली बायका, मुलं, उंट. एकही गोळी न झाडता ते परत आले आणि वरिष्ठांना तसं सांगितलं. हे आठवलं की मला कुठलाही आकडा लहान वाटतो. पुढे हेच असगर खान नऊ नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले आणि स्पिटफायर उडवणारे लतीफ त्यांच्या हाताखाली आले. एकच मेस आणि एकच धावपट्टी.

मग १९४७ आलं. विमानं वाटली गेली, खुर्च्या-टेबलं वाटली गेली, माणसांना विचारलं गेलं. असगर खान आणि नूर खान दोघांनीही लतीफ यांना पाकिस्तानच्या हवाई दलात बोलावलं. नव्या दलात वर जायला वेळ लागला नसता, हे तिघांनाही कळत होतं. लतीफ यांनी नकार दिला. धर्म एक गोष्ट आणि वतन दुसरी, अशी त्यांची भूमिका होती.

आमच्या घरातही तो प्रश्न आला होता. दादांचे धाकटे भाऊ कराचीला गेले, दादा राहिले. दादांना कुणी कारण विचारलं की ते म्हणायचे, "पेरणी झाली होती." लहानपणी मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटायचं. आता वाटत नाही.

लतीफ यांचा निर्णय सोपा नव्हता, कारण त्यांचं गाव तेव्हा भारतात आहे की नाही हेच ठरायचं होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पुण्याहून हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं त्या मुलुखावर गेली. अंगावर भारताची वर्दी आणि कारवाई स्वतःच्या घराच्या दिशेने. पुढे दीडच वर्षात, २६ जानेवारी १९५० ला, पहिल्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीवरून टेम्पेस्ट विमानांचा ताफा गेला. त्याचं नेतृत्व लतीफ यांच्याकडे होतं.

पुढचं थोडक्यात. असगर खान १९५७ मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले, नूर खान १९६५ मध्ये. कच्छच्या रणात १९६५ च्या एप्रिलमध्ये चकमकी पेटल्या, तेव्हा असगर खान यांनी थेट आपल्या अर्जनसिंगांना फोन केला. जुनी ओळख होती. दोन्हीकडची विमानं त्या भांडणातून बाहेर राहिली. सप्टेंबरच्या युद्धात तसं झालं नाही. १९७१ च्या युद्धात लतीफ हवाई मुख्यालयात नियोजनाचं काम पाहत होते. १ सप्टेंबर १९७८ ला त्यांनी मुंबईत जन्मलेल्या, ब्रह्मदेशातच लढलेल्या हृषिकेश मुळगावकरांकडून हवाई दलाची सूत्रं घेतली. तिन्ही दलांपैकी एखाद्याचे प्रमुख झालेले आजवरचे ते एकमेव मुसलमान. जॅग्वार विमानं त्यांच्याच काळात आली. निवृत्तीपूर्वी, अठ्ठावन्न वर्षांच्या वयात, त्यांनी मिग-२५ मध्ये बसूनही पाहिलं. वापिटीपासून मिग-२५ पर्यंत!

१९८२ ते १९८५ ते मुंबईच्या राजभवनात होते. पत्नी बिल्कीस यांचे वडील अली यावर जंग त्याच वास्तूत आधी राज्यपाल म्हणून राहून गेलेले. बिल्कीसबाई मात्र धारावीच्या गल्ल्यांत काम करायला जात.

आमच्या गुरुजींनी मलाच का उठवलं, हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या मनात होता. वाईट हेतू नव्हता, हे मी आता जाणतो. वर्गात एकच मुसलमान पोरगा, त्याला उत्तर यावं असं त्यांना वाटलं असेल. पण त्या दिवशी मला वाटलं होतं की माझी परीक्षा घेतली जातेय. लतीफ यांची अशी परीक्षा किती वेळा घेतली गेली असेल, याचा मी विचार करतो.

५ जानेवारी २०१८ ला असगर खान वारले, शहाण्णव वर्षांचे होऊन. ३० एप्रिलला हैदराबादेत लतीफ गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे. दादा तोवर राहिले नव्हते. कराचीच्या चुलत आजोबांच्या नातवाने असगर खान गेल्याची बातमी मला व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. एप्रिलमध्ये मी त्याला लतीफ यांची पाठवली. "ये कौन थे?" त्याने विचारलं. रात्री बराच वेळ मी त्याला लिहीत बसलो.