मोरो मुसलमान आणि फिलिपाइन्स सरकार : भांडण धर्माचं की जमिनीचं?

मोरो कोण?
फिलिपाइन्स हा ख्रिस्ती बहुसंख्य देश. त्याच्या दक्षिणेला मिंदानाओ आणि सुलू ही बेटं आहेत. तिथल्या मुसलमानांना स्पॅनिश राज्यकर्त्यांनी 'मोरो' म्हटलं. स्पेनमधल्या मुसलमानांसाठी ते हाच शब्द वापरत. मारानाओ, मागिंदानाओ, तौसुग अशा अनेक जमाती यात येतात. भाषा वेगळ्या, पण दीन एक. इस्लामनेच त्यांना एक कौम बनवलं.

तंटा कशावरून?
मुख्यतः जमिनीवरून. अमेरिकी राजवटीत, १९१९ च्या कायद्याने ख्रिस्ती माणसाला २४ हेक्टर सरकारी जमीन मागता येई. बिगरख्रिस्ती माणसाला फक्त १०. उत्तरेकडून लोक येऊन वसत गेले आणि मोरो आपल्याच मुलखात अल्पसंख्याक झाले. म्हणजे धर्म इथे सरकारी कागदावरच भेदभावाचा निकष होता. १९६८ मध्ये कोरेहिदोर बेटावर लष्कराने प्रशिक्षणासाठी आणलेल्या मोरो तरुणांनाच ठार केलं. १९७२ मध्ये मार्कोस यांनी मार्शल लॉ लावला आणि नूर मिसुआरी यांच्या मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीने शस्त्रं उचलली. पुढच्या काही दशकांत लाखाहून जास्त जीव गेल्याचा अंदाज आहे.

एक दीन, तरी दोन गट
मिसुआरी यांचा भर मोरो राष्ट्रावर होता. अल-अझहरमध्ये शिकलेले सलामत हाशिम यांचा भर इस्लामी कारभारावर. ते वेगळे झाले आणि मोरो इस्लामी मुक्ती आघाडी उभी राहिली. धर्म जोडतो, तसाच त्याच्या अर्थावरून माणसं वेगळीही होतात.

तोडगा कसा निघाला?
१९७६ मध्ये मुस्लिम देशांच्या संघटनेच्या मध्यस्थीने त्रिपोली करार झाला, पण तो नीट अमलात आला नाही. शेवटी मलेशियाच्या मध्यस्थीने इस्लामी आघाडी आणि सरकार यांच्यात २७ मार्च २०१४ रोजी करार झाला. आघाडीने वेगळ्या देशाची मागणी सोडली. २०१९ च्या जनमतानंतर बांगसामोरो स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला. त्याला स्वतःची संसद आणि महसुलात वाटा मिळाला. शरीयत न्यायालयं आहेत, पण शरीयत सक्तीने ख्रिश्चनांवर लादलेली नाही. संसदेत बिगरमुस्लिम आदिवासींसाठी राखीव जागाही आहेत.

मरावीची कसोटी
२०१७ मध्ये आयसिसला मानणाऱ्या टोळ्यांनी मरावी शहर ताब्यात घेतलं. पाच महिने लढाई चालली, शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. तेव्हा कित्येक मुसलमानांनी ख्रिस्ती कामगारांना घरात लपवून वाचवलं. अडकलेल्यांना बाहेर काढायला इस्लामी आघाडीनेही सरकारला साथ दिली.

लक्षात काय ठेवायचं?
अशा बातमीत 'धर्मयुद्ध' हा शब्द दिसला, की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावं : जमीन कुणाची होती? कारभार कुणाच्या हातात आहे? न्याय कोण देतं? मोरोंच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांवर बोलणं झालं, तेव्हाच बंदुका खाली आल्या. त्यासाठी कुणालाही आपला दीन सोडावा लागला नाही.