नीळ, अनिलीन आणि तावान

रासायनिक परिभाषेतील पुष्कळशी नावे, तो तो पदार्थ ज्या जिनसेतून प्रथम हाती आला, तिची स्मृती जपून असतात. ‘अनिलीन’ हे असेच एक नाव होय. संस्कृतातील ‘नीली’ हा शब्द फारसीत ‘नील’ या रूपाने रूढ झाला. अरबांनी त्याला आपले उपपद जोडले. ‘अल्’मधील लकार पुढील नकारात मिसळून जातो, या त्या भाषेच्या नियमानुसार त्याचे ‘अन्-नील’ झाले. पोर्तुगीजांनी उपपदासकट सबंध शब्द उचलला आणि त्याचे ‘अनील’ केले. याच वस्तूचे दुसरे नाव ‘इंडिगो’. ते ग्रीक ‘इंडिकॉन’, म्हणजे ‘हिंदुस्थानचे’, या विशेषणापासून आलेले आहे. एका नावाने रंग सांभाळला, दुसऱ्याने देश. सरखेज व बयाना येथील निळीच्या वड्या सतराव्या शतकात डच व इंग्रज वखारवाले खरेदी करीत, तेव्हा ही दोन्ही नावे युरोपच्या बाजारपेठेत नांदत होती.

१८२६ मध्ये ओटो उनफरडॉर्बन याने नीळ ऊर्ध्वपातित करून एक तेलकट द्रव मिळविला. १८३४ मध्ये रुंगे याला दगडी कोळशाच्या डांबरात एक द्रव सापडला. १८४० च्या सुमारास फ्रिट्शे याने दाहक पोटॅशबरोबर नीळ तापवून जो द्रव काढला, त्याला त्याने ‘अनिलीन’ म्हटले. आणि झिनिन याने १८४२ मध्ये नायट्रोबेन्झीनपासून आणखी एक द्रव सिद्ध केला. चौघांनी चार नावे दिली. हे सर्व पदार्थ एकच आहेत असे हॉफमान याने १८४३ मध्ये दाखवून दिले, आणि त्या चार नावांपैकी निळीचे नाव टिकले. पुढे कारखान्यांतील अनिलीनचा निळीशी काडीचाही संबंध उरला नाही. ते डांबरातून येऊ लागले. हॉफमानचा शिष्य पर्किन याने १८५६ मध्ये क्विनीनच्या शोधात असताना अनिलीनपासून जांभळा रंग मिळविला, त्यानंतर रंगांचे कारखाने निघाले, आणि १८६५ मध्ये जर्मनीत जो एक मोठा कारखाना स्थापन झाला त्याच्या नावातच हा शब्द गोवला गेला : ‘बाडिशे आनिलिन उंड सोडा फाब्रीक’. ऱ्हाइनच्या काठी लुडविग्सहाफेन येथे उभ्या राहिलेल्या या कारखान्याने बत्तीस वर्षांनी हिंदुस्थानच्या निळीचा व्यापार मोडला, तेव्हा त्याच्या पाटीवर हिंदुस्थानातूनच गेलेला शब्द होता.

मंजिष्ठेच्या मुळातील रंगद्रव्य कृत्रिम रीतीने बनविण्याचे काम ग्रेबे व लीबरमान यांनी १८६८ मध्ये साधले आणि थोड्याच वर्षांत फ्रान्समधील मंजिष्ठेची शेते ओस पडली. नीळ इतकी सहज वश झाली नाही. आडोल्फ फॉन बायर याने १८६५ मध्ये तिच्या अभ्यासास आरंभ केला, १८८० मध्ये प्रयोगशाळेत ती सिद्ध केली, आणि १८८३ मध्ये तिच्या रेणूची घटना निश्चित केली. परंतु प्रयोगशाळेतील सिद्धी आणि बाजारातील सिद्धी यांत फार मोठे अंतर असते. बायरच्या पद्धतीने बनलेली नीळ मळ्यातील निळीहून महाग पडे. झुरिच येथे हॉयमान याने १८९० मध्ये दोन नव्या वाटा दाखविल्या. पहिली अनिलीनपासून निघत होती, पण तीत उत्पन्न अत्यल्प येई. दुसरी अँथ्रानिलिक आम्लापासून निघत होती. उत्पन्न चांगले, मात्र ते आम्ल स्वस्त मिळावयास हवे. (या आम्लाच्या नावातही कोळशाला असलेला ग्रीक शब्द आणि नीळ शेजारी शेजारी बसलेले आहेत.) कारखान्याच्या रसायनज्ञांनी दुसरी वाट धरली. डांबरातून मुबलक मिळणारे नॅफ्थॅलीन घ्यावयाचे, तीव्र गंधकाम्लाने त्याचे थॅलिक आम्ल करावयाचे, त्यापासून अँथ्रानिलिक आम्ल आणि शेवटी नीळ. पहिलीच पायरी अवघड होती. ती क्रिया फार मंद चाले. एका प्रयोगात तापमापक फुटून पारा भांड्यात सांडला व क्रिया एकाएकी वेगाने होऊ लागली, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, पाऱ्याच्या क्षाराने ही क्रिया त्वरित होते हे खरे, आणि त्यावरच पुढची सारी इमारत उभी राहिली. वाया जाणाऱ्या गंधकाच्या वायूपासून पुन्हा तीव्र आम्ल करण्याची क्निट्श याची पद्धतीही याच कामी आली. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, तोवर कारखान्याचे सुमारे १ कोटी ८० लाख सुवर्ण मार्क या संशोधनात खर्ची पडले होते. १९०१ मध्ये फ्लेगर याने सोडामाइडच्या योगे हॉयमानची पहिली वाटही सुगम केली, आणि अनिलीनपासूनच नीळ होऊ लागली. निळीपासून अनिलीन निघाले होते. आता अनिलीनपासून नीळ निघू लागली.

याच्या समोर बिहारमधील मळ्याचे चित्र ठेवून पाहावे. कापलेली झुडपे हौदात रात्रभर भिजत घालावयाची, आंबलेले पाणी दुसऱ्या हौदात सोडून ते घुसळावयाचे, तळाशी बसलेला गाळ उकळून, दाबून, त्याच्या वड्या पाडावयाच्या. पाऊस, बियाणे, हौदातील पाणी या सर्वांवर मालाचा कस अवलंबून. जर्मन नीळ मात्र प्रत्येक पिंपात सारख्याच कसाची. मळेवाल्यांनी रसायनज्ञ नेमले, जावाहून नव्या जातीचे बी आणले. तथापि उतार थांबला नाही. १८९७ मध्ये वनस्पतिजन्य निळीचे जगातील उत्पादन सुमारे १९,००० टन होते. १९१४ मध्ये ते सुमारे १,००० टनांवर आले.

ही घट म्हणजे रयतेची सुटका, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. बंगालच्या रयतेने १८५९-६० मध्ये ज्या पिकाविरुद्ध उठाव केला होता, ते पीक आता परक्या देशातील रसायनज्ञांनीच निरर्थक केले होते. पण चंपारण जिल्ह्यातील घडामोडी निराळेच काही सांगतात. तेथे ‘तीनकठिया’ची वहिवाट होती, विसा कठ्ठ्यांच्या बिघ्यापैकी तीन कठ्ठ्यांत रयतेने मळेवाल्यासाठी नीळ लावलीच पाहिजे, आणि तीही मळेवाला ठरवील त्या भावाने. नीळ तोट्यात जाऊ लागताच मळेवाल्यांना ती नकोशी झाली. परंतु रयतेचे बंधन तसेच सोडून देण्याऐवजी त्यांनी सुटकेचेच मोल लावले. ज्या गावांचे पट्टे कायमचे होते तेथे त्यांनी साऱ्यात वाढ केली. तिला ‘शरहबेशी’ म्हणत. शरह म्हणजे दर आणि बेशी म्हणजे वाढ. मराठीतील ‘कमीबेशी’त हाच फारसी शब्द आहे. ज्या गावांचे पट्टे मुदतीचे होते तेथे सारा वाढविल्यास मुदतीनंतर लाभ बेतियाच्या जमीनदारीला झाला असता. म्हणून तेथे एकरकमी ‘तावान’ वसूल करण्यात आला. तावान म्हणजे नुकसानभरपाई. ज्याच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने नीळ पिकविली गेली त्यानेच भरपाई द्यावी, असा या शब्दाचा तेथील अर्थ झाला. लुडविग्सहाफेनच्या संशोधनाने मळेवाल्यांचा जो तोटा झाला, तो अशा रीतीने रयतेच्या खाती टाकण्यात आला.

मराठी मुलखात नीळ ‘गुळी’ या नावाने पिके आणि निळारी सुताला व कापडाला ती चढवीत. परंतु आज मराठी घरात पांढऱ्या कपड्यांना जी ‘नीळ’ देतात, ती बहुधा झाडाची नसते आणि लुडविग्सहाफेनच्या जातीचीही नसते. ते अल्ट्रामरीन होय. मूळचे लाजवर्दाच्या दगडातून मिळणारे आणि १८२८ मध्ये गिमे व ग्मेलिन यांनी कृत्रिम रीतीने सिद्ध केलेले. नाव तेच राहिले, आतली वस्तू पालटली.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, जर्मन माल येणे बंद पडले आणि निळीचा भाव चढला. चंपारणात लागवड पुन्हा वाढली. १९१६ च्या डिसेंबरात लखनौच्या काँग्रेस अधिवेशनात राजकुमार शुक्ल यांनी गांधीजींना गाठले, आणि एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात पोहोचले. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे ते एक सभासद होते. १९१८ च्या चंपारण शेतकी कायद्याने तीनकठिया रद्द झाली. तावानाचा चौथा हिस्सा परत मिळाला. शरहबेशी बहुतेक ठिकाणी सुमारे चौथ्या हिश्शाने उतरली. बाकीची साऱ्यात तशीच राहिली.