आवाज घडविणारे देवधर मास्तर

मैफली गाजविणाऱ्या गायकांची नोंद संगीताच्या इतिहासात ठळकपणे होते. त्या गायकांचा गळा ज्यांनी घडविला, त्या गुरूंच्या वाट्याला मात्र बहुधा एखादे वाक्य येते. प्रा. बाळकृष्ण रघुनाथ तथा बी. आर. देवधर हे अशा गुरूंमधील एक अग्रगण्य नाव. ते स्वतः ग्वाल्हेर परंपरेत तयार झालेले गायक होते. परंतु ‘देवधर मास्तर’ म्हणून ते ओळखले गेले ते शिक्षक, संपादक, लेखक आणि आवाजाच्या शास्त्राचे अभ्यासक म्हणून.

देवधरांचा जन्म ११ सप्टेंबर १९०१ रोजी मिरज येथे झाला. याच वर्षी पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, हा एक योगायोगच. मिरज हे त्या काळी संगीताचे मोठे केंद्र होते. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली आणि त्यांच्याकडे पलुसकरांचे शिक्षण झाले ते मिरजेतच. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ हेही तेथेच स्थायिक झाले. अशा वातावरणात गाण्याचे प्राथमिक संस्कार घेऊन देवधर पलुसकरांच्या मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात दाखल झाले. तेथे गायनाबरोबरच गुरूंची ध्येयनिष्ठाही त्यांनी उचलली. संगीत प्रतिष्ठेने शिकविले जावे आणि सामान्य घरांतील मुलामुलींना ते शिकता यावे, हे ते ध्येय होते.

याच सुमारास मुंबईत जियोव्हानी स्क्रिंझी या इटालियन संगीतशिक्षकाकडे त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला. रागसंगीताच्या विद्यार्थ्याने त्या काळी असे करणे ही नेहमीची गोष्ट नव्हती. पाश्चात्त्य संगीतात गळा कमावण्याची विद्या स्वतंत्रपणे शिकविली जाते. श्वास कसा घ्यावा, तो कसा पुरवून वापरावा, स्वर कोठे घुमवावा याचे पद्धतशीर शिक्षण तेथे गाण्याच्या आधी आणि गाण्याबरोबर दिले जाते. आपल्याकडे रागाची तालीम काटेकोर असे. पण ज्या साधनाने राग गायचा त्या गळ्याची निगा बहुतांशी शिष्याच्या नशिबावर सोपविलेली असे. देवधरांना ही उणीव महत्त्वाची वाटली आणि आवाजाचा अभ्यास हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय झाला.

‘नशिबाचा’ गळा

या उणिवेची किंमत अनेक गायकांनी मोजली आहे. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी संगीत नाटकातील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी चढ्या पट्टीत आणि जोर लावून गावे लागे. शिष्याचा गळा वेगळा असला तरी गुरूच्याच पट्टीत रियाज करण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. मुलगा वयात येताना स्वरयंत्राची वाढ होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज फुटतो. या नाजूक काळात वरच्या सप्तकात ओढून गायल्यास गळ्याला इजा होण्याचा धोका असतो. सततच्या ताणाने स्वरतंतूंवर गाठी येतात, आवाज घोगरा होतो आणि होतकरू गायकाचे गाणे ऐन उमेदीत थांबू शकते. अशा वेळी ‘गळ्याला नजर लागली’ असे म्हणून समाधान करून घेतले जाई.

स्वर ही श्वासाच्या आधाराने स्वरतंतूंच्या कंपनातून निर्माण होणारी आणि घसा, मुख व नासिकेच्या पोकळ्यांत घुमून पुष्ट होणारी वस्तू आहे, हे एकदा ध्यानात आले की उपायही दिसू लागतात. मान, जबडा व खांदे सैल ठेवणे, गळ्यावर जोर न देता श्वासाचा आधार घेणे, स्वतःच्या आवाजाला मानवणारी पट्टी निवडणे ही त्यातील मूलभूत पथ्ये. पूर्वापार चालत आलेल्या खर्जसाधनेलाही यामुळे शास्त्रीय अर्थ मिळतो. या विषयावर देवधरांनी ‘आवाज साधना शास्त्र’ हा ग्रंथ लिहिला.

ऑपेरा हाउसजवळील शाळा

१९२५ साली देवधरांनी मुंबईत ‘देवधर स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू केले. ऑपेरा हाउस परिसरातील ही शाळा पुढे अनेक घराण्यांच्या कलावंतांचे भेटीचे ठिकाण बनली. घराण्यांच्या भिंती उंच असलेल्या त्या काळात येथे येणाऱ्या कोणत्याही गवयाचे गाणे आदराने ऐकले जाई.

याच शाळेत अकरा-बारा वर्षांचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, शिकावयास आला. थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविणारा हा बालगायक आधीच प्रसिद्ध होता. अशा मुलाला मैफलींतून फिरवत ठेवणे सोपे होते; देवधरांनी त्याला शिकविले. नकलेच्या पलीकडे जाऊन स्वतःचे गाणे शोधण्यास लागणारा पाया आणि मोकळीक त्याला येथे लाभली. कुमार पुढे याच शाळेत शिकवूही लागले. क्षयाने ग्रासल्यामुळे १९४८ साली ते देवासला गेले आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. आजारानंतर मर्यादित श्वासाला अनुरूप अशी गायकी त्यांनी स्वतः घडविली. तो पराक्रम सर्वस्वी कुमारांचा. मात्र कोणत्याही एका साच्यात न अडकण्याची सवय त्यांना या शाळेत लागली होती, हे विसरता येत नाही.

लेखणीची सेवा

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे देवधर दीर्घकाळ संपादक होते. ‘थोर संगीतकार’ या त्यांच्या ग्रंथात अल्लादिया खाँ, बडे गुलाम अली खाँ आदी कलावंतांची व्यक्तिचित्रे आहेत. या पुस्तकाचा राम देशमुख यांनी केलेला इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध आहे. ‘रागबोध’ या अनेक भागांच्या ग्रंथमालेतून त्यांनी राग व बंदिशी विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध केल्या. १९७६ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. १० मार्च १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

आवाजाच्या अभ्यासाचा त्यांचा वारसा डॉ. अशोक दा. रानडे (१९३७-२०११) यांनी पुढे नेला. देवधरांकडे या विद्येचे धडे घेतलेल्या रानडे यांनी गायकांबरोबरच रंगभूमीवरील नटांनाही आवाजाचे शिक्षण दिले.

आज मंडळाच्या परीक्षांना देशभरातून विद्यार्थी बसतात. मुंबई-पुण्याबाहेर, यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या मुलालाही राग, ताल आणि बंदिशी आता पुस्तकांतून व ध्वनिमुद्रणांतून सहज मिळू शकतात. पट्टी चुकते आहे, खांदे आखडले आहेत, आवाज फुटण्याच्या वयात काही महिने सबुरीने घ्यावयास हवे, हे सांगणारा जाणता कान मात्र समोर बसलेल्या शिक्षकाकडेच असावा लागतो. गळा देणे कोणाच्या हाती नसले तरी दिलेला गळा राखणे शिक्षकाच्या हाती असते. देवधर मास्तरांनी ही जबाबदारी गुरूच्या कर्तव्यात आणून बसविली.