एककल्ली माणसांचा इतिहास

श्रोतेहो, साठी उलटलेल्या मनुष्याने आपल्या स्वभावाची चौकशी आरंभावी, हे आपल्याकडे चमत्कारिक समजतात. त्या वयात नातवंडांची चौकशी करावी, पेन्शनीची करावी, फार तर गुडघ्यांची करावी. तथापि मजवर तो प्रसंग आला, आणि तो भोरास माझ्या स्वतःच्या ओटीवर आला.

माझ्या भाचीच्या नऊ वर्षांच्या मुलास पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले होते. मुलगा हुशार. आगगाड्यांचे वेळापत्रक त्यास तोंडपाठ. परंतु वर्गात गलका झाला की तो कान झाकून बाकाखाली जाऊन बसे. बाईंनी पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतला एक असा की, घराण्यात याच्यासारखे आणखी कोणी आहे काय? भाची ही हकीकत सांगत होती. या प्रश्नापाशी ती थांबली, आणि ती, माझी धाकटी बहीण व माझी पत्नी अशा तिघींनी एकदमच माझ्याकडे पाहिले. "मामा, राग मानू नका," भाची म्हणाली, "पण मी तुमचे नाव सांगितले."

राग आला नाही. रात्री झोप मात्र आली नाही. लग्नकार्यात गर्दी जमली की मी गोठ्याकडे निघून जातो. "या हो एकदा घरी," असे कोणी म्हटले की मी वार आणि वेळ विचारतो, व विचारणारा ओशाळतो. मावळातील देशमुख घराण्यांच्या वंशावळीवर बोलू लागलो म्हणजे ऐकणारा केव्हा उठून गेला, हेही मला समजत नाही. हे सारे मी जन्मभर माझे दोष म्हणून बाळगले. वडील यास उद्धटपणा म्हणत. सोबतचे शिक्षक शिष्टपणा म्हणत.

आता भाचीने नवे शब्द आणले. ज्याच्या मेंदूची घडण बहुसंख्यांहून वेगळी तो 'न्यूरोडायव्हर्जंट', आणि बहुसंख्य ते 'न्यूरोटिपिकल'. पहिले नाव कोणत्याही एका विकाराचे नव्हे. ती मोठी छत्री आहे. तिच्याखाली स्वमग्नता येते, अवधान न टिकणे येते, वाचन-लेखनाची उपजत अडचण येते. मग मी कोणत्या पंक्तीतला? आयुष्यभर इतिहास शिकविल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी प्रथम इतिहासातच शोधू लागलो.

आपली भाषा या बाबतीत दरिद्री नाही. एकलकोंडा, घुमा, एककल्ली, छांदिष्ट हे शब्द एका जातीच्या माणसांसाठी. वेंधळा, धांदरट, विसरभोळा हे दुसऱ्या जातीच्या. डॉक्टरांनी वर्गवारी करण्यापूर्वी आमच्या आजीबाईंनी ती ढोबळमानाने केलेलीच होती. 'वेडा' या शब्दाला तर मराठीत दोन तोंडे आहेत. एका तोंडाने तो हिणवितो, दुसऱ्या तोंडाने हात जोडतो. तेराव्या शतकात वऱ्हाडात रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभू होऊन गेले. त्यांच्या वागण्यावरून गाव त्यांस वेडे म्हणे, आणि तेच गाव त्यांच्या पायांवर डोके ठेवी. म्हाइंभटांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मराठीतील अगदी आरंभीच्या गद्य चरित्रांत गणले जाते. म्हणजे आपले गद्य बोलू लागले तेच मुळी लोकांच्या मापात न बसणाऱ्या पुरुषाविषयी बोलत.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत हे माप कामाचे होते. भाताची लावणी, नाचणी-वरईचे उतार, गुरे राखणे, यांतले एखादे काम जमले की माणूस चालला. माझ्या लहानपणी आमच्या गावी एक गुराखी होता. तो कोणाच्या डोळ्यांस डोळा देत नसे, सणाच्या पंगतीत बसत नसे. परंतु धुक्यात नुसत्या घंटेच्या आवाजावरून कोणाची गाय कोणत्या उतारावर आहे, हे तो सांगे. त्यास कोणी शहाणा म्हणत नव्हते. परंतु पावसाळ्यात त्याच्यावाचून गावाचे चालतही नव्हते.

हे ऐकून जुना काळ सोन्याचा होता, असे मात्र कोणी समजू नये. ही सवलत पुरुषाला होती. सासरी आलेली मुलगी घुमी निघाली, गोंगाटाने घाबरली, वा चुलीवरचे दूध तिच्या ध्यानातून गेले, तर तिला रानात गुरांमागे जाण्याची मोकळीक नसे. तिला भगताकडे नेत आणि मिरच्यांची धुरी देत. अशा स्त्रियांचा इतिहास कोणत्याही बखरीत नाही. आज पुष्कळ स्त्रियांना आपल्या घडणीचा उलगडा चाळिशी-पन्नाशीत होतो, याचे एक कारण हे आहे की, त्या लहानपणापासून हुबेहूब इतरांसारखे वागण्याचे सोंग शिकलेल्या असतात.

पुढे शाळा आली आणि माप बदलले. एके जागी बसणे, फळ्यावरचे वाचणे आणि ठरल्या वेळात लिहिणे, या तीन गोष्टी ज्यास जमल्या तो हुशार, बाकीचा 'ढ'. ढ हे अक्षर अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलास ढ म्हणतात, अशी एक व्युत्पत्ती आम्ही शिक्षक मोठ्या चवीने सांगत असू. मी ती किती वर्गांत सांगितली असेल, याची आज लाज वाटते.

शाळेच्या मापात न मावलेल्या पुरुषाचे नामांकित उदाहरण म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जन्म १८६३, मृत्यू १९२६. शिक्षणक्रमातील पुस्तकांपेक्षा स्वतःस हवी ती पुस्तके वाचण्याकडे त्यांचा ओढा, त्यामुळे पदवी मिळण्यास पुष्कळ वर्षे लागली. आपल्या शाळा-कॉलेजांतील अनुभवांवर त्यांनी पुढे दीर्घ निबंध लिहिला. तो प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. वाई येथे मिळालेल्या कागदांवरून १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण बावीस खंड सिद्ध केले. आमच्या रोहिडखोऱ्याचे आणि हिरडस मावळाचे जुने कागद त्या खंडांत आहेत. मजसारख्याचे इतिहासाचे वेड त्यांवरच पोसले. हा पुरुष हाताने स्वयंपाक करी, गावोगाव दप्तरे धुंडाळी, कोणाची भीड धरीत नसे. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात ते अग्रभागी होते. पुढे मतभेद झाल्यावर ते तेथून दूर झाले आणि अखेरीस धुळ्यास राहिले. लोक त्यांना विक्षिप्तही म्हणत आणि आचार्यही.

तर मग राजवाडे त्या वेगळ्या घडणीचे होते काय? श्रोतेहो, मोह होतो, परंतु तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मेलेल्या माणसाची नाडी पाहता येत नाही. कागदांत माणसाचे बाहेरचे वर्तन उतरते. तरुणपणी पत्नी वारलेला, कार्याने झपाटलेला, पैशाची चणचण असलेला कोणताही मनुष्य एकटा राहील आणि हाताने शिजवून खाईल. एकाच वर्तनाची कारणे दहा असू शकतात. गलका झाला म्हणजे त्यांच्या कानांत काय होई, चार माणसांत बसताना आतून किती श्रम पडत, हे त्यांनाच विचारावयास हवे होते. आणि ते आता अशक्य आहे. मात्र येथेच माझ्या ध्यानात आले की, राजवाड्यांना जे विचारता येत नाही ते मला विचारता येते. मी अजून हयात आहे.

वैद्यकाचे मापही हळूहळू तयार झाले. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टराने एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा बुद्धिमान, दृष्टी चांगली. परंतु वाचता म्हणून येत नसे. त्याच्या शिक्षकाचे मत असे होते की, सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. १९०२ साली लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी चंचल, अवधान न टिकणाऱ्या मुलांवर व्याख्याने दिली. १९२५ साली मॉस्कोच्या सुखारेवाबाईंनी, १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी आणि १९४४ साली व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी स्वमग्न मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. या सर्वांनी मुलेच पाहिली. जणू ही मुले मोठी होतच नाहीत! लंडनच्या लोर्ना विंग यांनी १९८१ साली ज्या निबंधात आस्परगर यांचे काम पुढे आणले, त्यानंतर हळूहळू मोठ्या माणसांकडे लक्ष वळले.

वस्तुतः ती मुले मोठी होतच होती. कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी राहिला. तेथील बँकेत त्याने नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी प्रवास केला, आणि २०२३ साली वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. गावाने त्यास सांभाळून घेतले. घरची सुस्थिती हेही त्याचे एक कारण होते, हे विसरू नये.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने १९९६ साली वाचन-लेखनाची उपजत अडचण असलेल्या मुलांस शालांत परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. २००७ साली 'तारे जमीं पर' हा चित्रपट आला. त्यातील शाळा आमच्या शेजारच्या पाचगणीची. २०१६ च्या अपंगहक्क कायद्याने मान्य प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर नेली आणि त्यांत स्वमग्नतेबरोबर ही वाचनाची अडचणही घेतली.

१९९६ चा तो निर्णय मी वाचला तेव्हा मला एक चेहरा आठवला. त्याच्या सात-आठ वर्षे आधी माझ्या वर्गात डोंगरपट्ट्यातला एक मुलगा होता. पुरंदरच्या तहात १६६५ साली महाराजांनी दिलेले तेवीस किल्ले तो एका दमात म्हणून दाखवी, आणि राजगड-तोरणा आपल्याकडेच राहिले, हे छाती काढून सांगे. वही मात्र कोरी. मला वाटले हा मुद्दाम करतो. मी त्यास बाकावर उभा केला, ढ म्हटले, आणि सातवीनंतर तो शाळा सोडून गेला. १८९६ चा तो इंग्रज शिक्षक मजहून शहाणा होता.

म्हणून अखेर मी पुण्यास गेलो. डॉक्टरीणबाईंनी तीन बैठका घेतल्या. त्यांनी प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली: ही घडण उतारवयात उपजत नाही, बालपणापासून तिच्या खुणा असाव्या लागतात, नाहीतर झोपेचा अभाव, चिंता, उदासी किंवा ऐकू कमी येणे यांपैकी एखादे कारण शोधावे लागते. बालपणाचा साक्षीदार हवा होता. वेल्ह्याकडे माझी नव्वदीची आत्या आहे. तिने दूरध्वनीवर साक्ष दिली की, हा चार वर्षांचा असताना पाट रोजच्या जागेवरून हातभर सरकला तरी जेवत नसे. बाई हसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतले. तिसऱ्या बैठकीस त्यांनी सांगितले की, होय, तुमची घडण स्वमग्नतेच्या पट्ट्यातलीच आहे. औषधाची गरज नाही.

मग मिळाले काय? स्वभाव होता तोच आहे. परंतु पत्नी आता यजमानांना आधीच सांगते, "हे अंगणात बसतील, ताट तिकडेच द्या." चाळीस वर्षे ज्यावरून आमचे वाद झाले, ते एका वाक्यात मिटले. मात्र हे नाव म्हणजे माफीचा परवाना नव्हे. ऐकणारा उठून गेला हे मला कळत नसेल, तर "कंटाळलात काय?" असे विचारण्याचे काम माझेच आहे.

दुसरे काम अधिक अवघड होते. तो विद्यार्थी आता पन्नाशीच्या घरात आहे. मोटारसायकली दुरुस्त करतो. मी त्याच्याकडे गेलो आणि माझी चूक झाली असे सांगितले. त्याने हात पुसले, चहा मागविला. "गुरुजी, बाकावर काही तुम्ही एकट्यानेच उभे केले नव्हते," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "माझी नात तिसरीत आहे. अक्षरे उलटी काढते. त्या बाई पुण्यात कुठे बसतात?" मी पत्ता लिहून दिला, मग तो मोठ्याने वाचूनही दाखविला.

२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. खुद्द राजगडही पूर्वी मुरुंबदेवाचा डोंगर म्हणून ओळखला जाई. नाव बदलल्याने त्याची उंची वाढली नाही. परंतु महाराजांनी तो डोंगर ओळखला, त्यावर वाटा बांधल्या, दरवाजे घातले, तेव्हा तो राहण्याजोगा झाला. नावाचा उपयोग एवढाच आणि इतका आहे. तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरी लग्नाच्या पंगतीतून उठून गोठ्याकडे जाणारे कोणी असेल, मग ते नऊ वर्षांचे असो वा नव्वदीचे, त्यास परत ओढून आणू नका. त्यास कोठे बसावयाचे आहे, हे एकदा त्यालाच विचारा.